ऑटोक्लेव्हमध्ये कोणते पाणी घालावे? लहान दवाखान्यांसाठी निवडीची पद्धत

ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीसाठी दवाखान्यात गेल्यावर माझा पहिला प्रश्न पाण्याचा असतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळते : "आरओचे शुद्ध पाणी घालतो." मग खिशातला पेनाएवढा टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत ते दाखवणारा) काढून त्या कॅनमध्ये बुडवायचा. दातांच्या एका दवाखान्यात असे केले तेव्हा मीटरवर ११० हा आकडा आला. यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे तो १० च्या आत असायला हवा होता. डॉक्टरांना आश्चर्य वाटले, कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पाणी आरओचेच, म्हणजे क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यातून दाबाने गाळलेले, होते. मात्र बेसिनखालचा तो आरओ पिण्याच्या पाण्यासाठीचा होता, आणि शुद्ध केलेले पाणी बेचव लागू नये म्हणून त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळणारा एक छोटा स्क्रूचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. तो पूर्ण बंद केला, आरओच्या टाकीतले साठलेले पाणी ओतून दिले आणि आरओ तासभर चालू ठेवला, तेव्हा तोच मीटर १६ दाखवू लागला. पिण्याजोगे पाणी आणि वाफेसाठीचे पाणी यांत केवढा फरक असतो, हे त्या एका स्क्रूने दाखवून दिले.

या लेखात लहान दवाखाने, दातांचे व डोळ्यांचे दवाखाने आणि प्रसूतिगृहे यांच्यासाठी पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतींची निवड कशी करावी, ते क्रमाने सांगितले आहे. विषय टेबलावर ठेवण्याच्या ऑटोक्लेव्हचा आणि कुकरसारख्या उभ्या ऑटोक्लेव्हचा आहे. स्वतंत्र बॉयलर असलेल्या मोठ्या रुग्णालयांच्या निर्जंतुकीकरण विभागाचे गणित वेगळे असते.

शुद्ध म्हणजे कशापासून शुद्ध?

पाणी "शुद्ध" आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात जंतूंपासून शुद्ध असा अर्थ असतो. ऑटोक्लेव्हच्या बाबतीत हा अर्थ जवळजवळ उलटा करावा लागतो. १२१ अंश सेल्सियसची वाफ १५ पौंड दाबाखाली किमान १५ मिनिटे, किंवा १३४ अंशांची वाफ सुमारे दुप्पट दाबाखाली किमान ३ मिनिटे उपकरणांना लागत असेल, तर पाण्यात आधी असलेल्या जंतूंची व्यवस्था यंत्र स्वतःच लावते. यंत्राला जे जमत नाही ते म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांना नाहीसे करणे. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे उरतात.

त्यामुळे घरगुती शुद्धीकरणाच्या बऱ्याच पद्धती येथे आपोआप बाद होतात. अतिनील किरणांचा दिवा जंतू मारतो, पण क्षारांचा एक कणही कमी करत नाही. कँडल फिल्टर गाळ अडवतो. विरघळलेले क्षार त्याच्यातून पाण्यासोबत सहज निघून जातात. क्लोरीनच्या गोळ्यांनी क्लोराइड उलट वाढते. उकळल्याने कठीणपणाचा एक भाग भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो खरा, पण पाणी आटल्यामुळे उरलेले क्षार अधिक दाट होतात. "आम्ही पाणी उकळून, गार करून घालतो" असे अभिमानाने सांगणाऱ्या सिस्टर मला भेटल्या आहेत. त्यांच्या मेहनतीचे कौतुक वाटते, पण त्या मेहनतीचा यंत्राला उपयोग होत नाही.

क्षार किती जमतात याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, यंत्राला एका फेरीला अर्धा लिटर पाणी लागते, दिवसाला सहा फेऱ्या होतात आणि दवाखाना वर्षातून ३०० दिवस चालतो. म्हणजे वर्षाला ९०० लिटर पाणी झाले. पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असतील, आणि बोअरच्या पाण्यात एवढे सहज असतात, तर वर्षभरात २७० ग्रॅम क्षार, म्हणजे पाव किलोहून अधिक, त्या यंत्रात शिरतात. लिटरला १० मिलिग्रॅम क्षारांचे पाणी वापरले, तर तोच आकडा ९ ग्रॅमवर येतो. पाव किलोतला काही भाग निचऱ्यासोबत बाहेर जातो, पण उरलेला हीटरच्या कॉइलवर, पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरवर, विजेवर उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात आणि वाफेसोबत उडालेल्या थेंबांतून थेट उपकरणांवर बसतो.

कोणता क्षार काय करतो, हे थोडे तरी ठाऊक असावे, कारण डागावरून दोष ओळखता येतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पांढरा, खरखरीत थर देतात. त्यातून उष्णता नीट पार होत नाही, म्हणून कॉइल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस जळते. सिलिका पिवळसर-तपकिरी किंवा निळसर-जांभळी, इंद्रधनुष्यी झाक असलेले डाग पाडते; ते गंजासारखे वाटले तरी गंज नसतात आणि घासून सहजी जात नाहीत. लोहाचा अंश तांबूस डाग देतो आणि एका उपकरणावरून दुसऱ्यावर गंज पसरवतो. या सर्वांत दुष्ट म्हणजे क्लोराइड. ते स्टेनलेस स्टीलच्या संरक्षक थराला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडते, आणि कात्री किंवा फोर्सेप्सच्या सांध्यात असे छिद्र पडले की ते उपकरण एक दिवस चालू कामात तुटते.

गाठायचा आकडा

लहान वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रांसाठी ईएन १३०६० हे युरोपीय मानक आहे, आणि बाजारातल्या बी वर्गाच्या (वाफेआधी आतली हवा पंपाने ओढून काढणाऱ्या) बहुतेक यंत्रांच्या पुस्तिका त्याच्याच आधाराने पाण्याची अट लिहितात. यंत्रात भरायच्या पाण्याची विद्युतवाहकता १५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, आटवल्यावर उरणारा अंश लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, सिलिका १ च्या आत, क्लोराइड २ च्या आत, लोह ०.२ च्या आत आणि सामू (पीएच) ५ ते ७.५ यांच्या दरम्यान असावा, असे ते सांगते. आता याच्या शेजारी पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, ठेवून पाहा : त्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात, क्लोराइड २५० पर्यंत स्वीकारार्ह आहे. क्लोराइडच्या बाबतीत दोन्ही मर्यादांमध्ये सव्वाशे पटींचे अंतर आहे. नगरपालिकेचे उत्तम, निर्दोष पाणीसुद्धा जसेच्या तसे यंत्रात का घालू नये, याचे उत्तर या अंतरात आहे.

स्वस्त टीडीएस मीटर खरे तर वाहकताच मोजतो आणि तिला साधारण निम्म्याने गुणून क्षारांचा आकडा दाखवतो. म्हणून १५ मायक्रोसीमेन्सची मर्यादा त्या मीटरवर ७ ते १० च्या आसपास दिसते. मी दवाखान्यांना सांगतो की मीटरवर ७ पर्यंत निश्चिंत राहावे, ७ ते १० असेल तर कारण शोधावे, आणि १० च्या वर गेले तर ते पाणी यंत्रात घालू नये. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत याहून कडक अट असेल, तर अर्थातच तीच पाळावी.

एक उलटी सावधगिरीही सांगितली पाहिजे. काही यंत्रांतील पातळी मोजणारा सेन्सर पाण्यातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहावर चालतो. अशा यंत्रात पाणी अतिशय शुद्ध असले की टाकी भरलेली असूनही "पाणी नाही" असा इशारा येत राहतो. यंत्र बिघडले असे समजून सेन्सर बदलण्याआधी पुस्तिकेत वाहकतेची किमान मर्यादा दिली आहे का, ते पाहावे.

आधी आपले पाणी ओळखा

पद्धत निवडण्याआधी नळाचे पाणी मोजणे आवश्यक आहे, आणि ते एकदा मोजून भागत नाही. महाराष्ट्रात पाण्याचा स्वभाव दर पन्नास मैलांवर बदलतो, आणि एकाच इमारतीत ऋतूप्रमाणेही बदलतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचे आणि पुण्याला खडकवासला धरणसाखळीचे जे पाणी मिळते, ते पावसाने भरलेल्या जलाशयांचे असल्यामुळे मऊ आणि कमी क्षारांचे असते. पण त्याच पुण्याच्या उपनगरात सोसायटीला टँकर येऊ लागला की मीटरवरचा आकडा एका आठवड्यात कित्येक पटींनी चढतो, कारण टँकर बहुधा बोअरवर भरलेला असतो. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातून आलेल्या भूजलात कठीणपणासोबत सिलिकाही बऱ्यापैकी असते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारट आहे. तेथे क्लोराइड हाच मुख्य शत्रू समजावा. कोकणात जांभ्यातून आलेले पाणी मऊ आणि थोडे आम्लधर्मी असते, पण त्यात लोह उतरलेले असू शकते, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात.

म्हणून मार्च-एप्रिलमध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असे दोनदा तरी पाणी मोजावे, आणि उन्हाळ्यातला वाईट आकडा धरून यंत्रणा निवडावी. शक्य असल्यास एकदा प्रयोगशाळेकडून कठीणपणा, क्लोराइड, लोह आणि सिलिका यांची तपासणी करून घ्यावी. टीडीएस मीटर बेरीज सांगतो, पण त्या बेरजेत काय काय आहे ते सांगत नाही.

दुसरा आकडा रोजच्या खपाचा. दिवसाच्या फेऱ्या आणि एका फेरीला लागणारे पाणी यांचा गुणाकार करावा. टेबलावरच्या यंत्रांना आकारानुसार फेरीला साधारण पाव ते पाऊण लिटर पाणी लागते. उभ्या कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये तळाशीच दोन-तीन लिटर भरलेले असतात. त्यात उपकरणे धुतल्यावर शेवटी विसळण्याचे पाणी मिळवावे. हा भाग लोक हमखास विसरतात, म्हणून त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

पद्धतींची पारख

सॉफ्टनरपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक गैरसमज त्याच्याबद्दल आहे. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन त्यांच्या जागी सोडियम देतो. पांढरा थर थांबतो, साबणाला फेस येतो, पण मीटरवरचा आकडा तसाच राहतो आणि क्लोराइडही तसेच राहते. शिवाय पाण्यातला बायकार्बोनेट सोडियमसोबत यंत्रात जातो आणि तापल्यावर त्याच्यापासून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. हा वायू वाफेत मिसळून उपकरणांभोवती गाद्यांसारखा साचतो, आणि जेथे तो साचतो तेथे वाफेचा स्पर्श होत नाही. मागे उरणारे पाणी अल्कधर्मी होऊन फेसाळते आणि थेंब वर उडतात. म्हणून एकटा सॉफ्टनर ऑटोक्लेव्हसाठी कधीही पुरेसा धरू नये. पाणी फार कठीण असेल तर आरओच्या आधी त्याचे पडदे थराने बुजू नयेत म्हणून सॉफ्टनर बसवणे मात्र योग्य असते, आणि त्याची खरी जागा तीच आहे.

ऊर्ध्वपातन, म्हणजे पाण्याची वाफ करून ती थंड करून पुन्हा पाणी मिळवणे, ही सर्वांत सरळ पद्धत. टेबलावर ठेवायचे चार लिटरचे डिस्टिलर मिळते. रात्री भरून ठेवावे, सकाळी पाणी तयार. मूळ पाणी कसेही असले तरी मिळणारे पाणी उत्तम असते, आणि बाष्पनशील नसलेले जवळजवळ सर्व काही, जंतूंची विषद्रव्येही, मागे राहते. खर्च विजेचा असतो. एक लिटर पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे पाऊण युनिट वीज लागते, म्हणजे चार लिटरला तीन युनिट, आणि वेळ पाच तासांच्या आसपास. दिवसाला तीन-चार लिटर लागत असतील तर हे परवडते. दहा लिटर लागत असतील तर परवडत नाही. डिस्टिलरच्या तळाशी जमणारी खपली आठवड्याला सायट्रिक आम्लाने काढावी लागते, आणि हे काम कोणाचे, ते आधीच ठरवलेले नसेल तर दोन महिन्यांत ते यंत्र कपाटात जाते. तळातली ती तपकिरी, उग्र वासाची खपली डॉक्टरांना एकदा मुद्दाम दाखवावी. पाण्याच्या विषयावर पुढे वाद घालावा लागत नाही.

आरओ बहुतेक दवाखान्यांसाठी पाया म्हणून योग्य आहे, पण त्याच्या मर्यादा समजून. चांगल्या स्थितीतला पडदा ९५ टक्के किंवा थोडे अधिक क्षार अडवतो. म्हणजे नळाचे पाणी १२० असेल तर आरओनंतर ६ च्या आसपास मिळते आणि काम भागते. पण नळाचे पाणी ६०० असेल तर उत्तम आरओनंतरही ३० उरतात आणि भागत नाही. एकटा आरओ पुरेल की नाही, हे असे एका साध्या गुणाकाराने कळते, त्यासाठी विक्रेत्याला विचारण्याची गरज नाही. आरओ घेताना चव सुधारणारा मिश्रणाचा व्हॉल्व्ह, खनिजे परत घालणारी नळी, "अल्कलाइन" किंवा तांब्याची नळी, यांतले काहीही यंत्राच्या पाण्याच्या मार्गात नसावे. असल्यास त्यांच्या आधीच यंत्रासाठी वेगळी तोटी काढून घ्यावी. पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून नगरपालिकेच्या पाण्यावर त्याच्या आधी कार्बनचा फिल्टर हवा आणि तो वेळेवर बदलला पाहिजे. रात्रभर बंद असलेल्या आरओतून सकाळी येणारे पहिले एक-दोन लिटर पाणी नेहमीपेक्षा अधिक क्षारांचे असते. ते बादलीत घेऊन फरशी पुसायला वापरावे. वाया जाणाऱ्या पाण्याचा विचारही टँकरवर जगणाऱ्या गावात करावा लागतो, कारण लहान आरओ शुद्ध पाण्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक पाणी बाहेर टाकतात.

डीएम (डीमिनरलाइज्ड) पाणी, म्हणजे रेझिनच्या, क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक दाण्यांच्या, नळकांड्यातून क्षारमुक्त केलेले पाणी, शुद्धतेत ऊर्ध्वपातनाच्या बरोबरीने किंवा त्याहूनही सरस असते, आणि वीज लागत नाही. प्रश्न रेझिनच्या आयुष्याचा असतो. मिश्र रेझिनचा एक लिटर ढोबळमानाने २० ग्रॅम क्षार धरतो असे समजा. त्यातून ३०० चे पाणी थेट सोडले तर ६५ लिटरांनंतर ते संपते. त्याच रेझिनला आरओनंतरचे २० चे पाणी दिले तर ते हजार लिटर चालते. हजार लिटर म्हणजे वर उदाहरणात धरलेल्या दवाखान्याचा वर्षभराचा खप. आरओ आणि त्यापुढे लहान डीएम नळकांडे ही जोडी मी का सुचवतो, त्याचे कारण हा हिशेब आहे : आरओ ढोबळ काम करतो आणि महागडे रेझिन फक्त शेवटचा हात फिरवते.

रेझिनची एक खोड ठाऊक असावी. ते संपत आले की सर्वांत आधी सिलिका निसटू लागते, आणि सिलिका विजेचे वहन जवळजवळ करत नसल्यामुळे मीटरला ती दिसत नाही. मीटर ० किंवा १ दाखवत असताना उपकरणांवर मात्र निळसर डाग येऊ लागतात. म्हणून नळकांडे मर्यादा ओलांडेपर्यंत ताणू नये. मीटरचा आकडा पहिल्यांदा हलला की ते बदलावे. ओले रेझिन जंतूंना राहायला आवडते, हे दुसरे. आठवडाभर दवाखाना बंद असेल तर परत आल्यावर पहिले काही लिटर सोडून द्यावेत.

उरले विकतचे पाणी. दिवसाला एक-दोन फेऱ्या करणाऱ्या दवाखान्याने यंत्रणा बसवण्याच्या भानगडीत न पडता पाच लिटरचे कॅन विकत घेणे हेच माझ्या मते शहाणपणाचे आहे. मात्र लेबलवर "डिस्टिल्ड" लिहिले आहे म्हणून विश्वास ठेवू नये. प्रत्येक नव्या कॅनमध्ये मीटर बुडवून पाहावा. पेट्रोलपंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी अनेक जण वापरतात. सीलबंद बाटलीतले असे पाणी बहुधा डीएमच असते आणि मीटरवर खरे उतरते, पण गॅरेजमधून सुटे, उघड्या डब्यातून आणलेले पाणी कदापि घेऊ नये, कारण त्या डब्यात पूर्वी काय होते हे कोणीच सांगू शकत नाही. त्यात आम्लाचा अंश असू शकतो.

एसीच्या नळीतून टपकणारे पाणी मीटरवर छान आकडा दाखवते आणि फुकट मिळते, म्हणून ते साठवणारे दवाखानेही आहेत. ते पाणी तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून, धुळीवरून आणि बुळबुळीत ट्रेमधून येते. त्यात धातूंचे अंश आणि जंतूंचा थर असतो. ते झाडांना घालावे.

कोणी काय घ्यावे?

हे सर्व जुळवून पाहिले तर निवड फारशी अवघड राहत नाही. दिवसाला एक लिटरच्या आत खप असेल तर तपासलेले विकतचे पाणी. तीन-चार लिटरपर्यंत खप आणि नळाचे पाणी खारट किंवा फार कठीण असेल, तर डिस्टिलर, कारण त्याला मूळ पाण्याच्या वाईटपणाची पर्वा नसते. नळाचे पाणी १२० च्या आत आणि वर्षभर स्थिर असेल तर मिश्रणाचा व्हॉल्व्ह नसलेला आरओ एकटाच पुरतो. त्याच्या वर, किंवा उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर आरओ आणि डीएम. खारपाणपट्ट्यातल्या गावात, जेथे नळाचे पाणी हजारावर जाते, तेथे लहान घरगुती आरओचा पडदा लवकर थकतो. तेथे लहान दवाखान्याने डिस्टिलर किंवा विकतचे पाणी आणि मोठ्या प्रसूतिगृहाने खाऱ्या पाण्यासाठी आखलेला आरओ घ्यावा.

पण आकड्यांइतकाच निर्णायक प्रश्न मी विचारतो तो असा : रोज सकाळी मीटर कोण बुडवणार? ज्या दवाखान्यात मावशी किंवा कंपाउंडर यांच्यापैकी एकाला हे काम नेमून दिलेले आहे, तेथे आरओ-डीएम उत्तम चालते. जेथे माणसे दर तीन महिन्यांनी बदलतात, तेथे उत्तम यंत्रणाही सहा महिन्यांत नुसती नळी होऊन राहते. अशा ठिकाणी सीलबंद कॅनच बरा.

डोळ्यांच्या दवाखान्यांनी वेगळा विचार करावा. जंतू मेले तरी त्यांच्या आवरणातील एंडोटॉक्सिन नावाचे विषद्रव्य वाफेने नष्ट होत नाही. त्याला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. यंत्राच्या टाकीत किंवा ध्वनिलहरींनी उपकरणे धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राच्या पाण्यात जंतू वाढले, की हे द्रव्य थेंबांसोबत उपकरणावर बसते. कातडीवरच्या टाक्यांना त्याने फारसा फरक पडणार नाही, पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ते डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात गेले तर दुसऱ्या दिवशी डोळा जंतुसंसर्गाशिवायच सुजतो, दृष्टी धूसर होते. अशा दवाखान्याने ताजे ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, वापरलेले पाणी परत टाकीत घेणारे यंत्र टाळावे, आणि अल्ट्रासॉनिकचे पाणी दिवसातून किमान एकदा, शक्यतो अधिक वेळा बदलावे.

धुण्याचे पाणी

यंत्रात उत्तम पाणी घालूनही डाग पडतात अशी तक्रार आली की मी सिंककडे जातो. उपकरणे नळाच्या पाण्याने विसळून तशीच ओली पाऊचमध्ये भरली असतील, तर त्या थेंबांतले सगळे क्षार यंत्रात भाजले जातात. त्याहून वाईट म्हणजे सलाइन. शस्त्रक्रियेनंतर उपकरणे सलाइनच्या वाटीत बुडवून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ०.९ टक्क्यांच्या सलाइनमध्ये लिटरला सुमारे ५,४६० मिलिग्रॅम क्लोराइड असते. यंत्रातल्या पाण्यात आपण २ च्या वर जाऊ नये म्हणून धडपडत असतो. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचीही तीच गत. म्हणून उपकरणे आधी नळाच्या पाण्याने भरपूर धुवावीत आणि शेवटचे विसळणे यंत्रात घालतो त्याच क्षारमुक्त पाण्याने करून स्वच्छ कपड्याने कोरडी करावीत. दोन लिटरच्या पसरट भांड्यात हे काम होते, आणि ते पाणी दिवसातून दोनदा बदलले तरी खप फार वाढत नाही.

दातांच्या खुर्चीला जोडलेल्या नळ्यांतून रुग्णाच्या तोंडात जाणारे पाणी हा वेगळा विषय आहे. तेथे क्षारांपेक्षा जंतूंची संख्या महत्त्वाची, आणि ऑटोक्लेव्हसाठी क्षारमुक्त केलेले पाणी तेथे आपोआप योग्य ठरते असे समजू नये.

साठवण आणि नोंद

शुद्ध पाणी साठवण्यासाठी खाद्यपदार्थांच्या दर्जाचा, झाकणाचा प्लास्टिक कॅन वापरावा आणि तो उन्हापासून दूर ठेवावा. पत्र्याचा डबा किंवा सलाइनच्या रिकाम्या बाटल्या वापरू नयेत. बाटलीच्या तळाशी उरलेले दोन चमचे सलाइन एका पाच लिटरच्या कॅनचा आकडा बिघडवायला पुरेसे होतात. कॅनवर तारीख लिहावी आणि आठवड्याहून जुने पाणी यंत्रात घालू नये. उघड्या हवेत शुद्ध पाणी कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे मीटर ० ऐवजी १ दाखवू लागला तर घाबरण्याचे कारण नाही. यंत्राची टाकी दर आठवड्याला रिकामी करावी, आतून हात फिरवून पाहावा, आणि बुळबुळीत लागले तर निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने स्वच्छ करावी.

नोंदीसाठी वेगळे रजिस्टर लागत नाही. ऑटोक्लेव्हच्या फेऱ्यांची जी वही असते तिच्यातच "पाणी" असा एक रकाना आखावा आणि रोज सकाळचा मीटरचा आकडा त्यात लिहावा. आरओचा पडदा हळूहळू थकतो तेव्हा ४, ४, ५, ५, ६ असे आकडे चढताना दिसतात, आणि ९ येण्याआधी महिनाभर आधी नवा पडदा मागवता येतो. मीटरही वर्षातून एकदा माहीत असलेल्या द्रावणात बुडवून तपासावा, आणि त्याच्या टोकाचे दोन इलेक्ट्रोड बोटाने पुसू नयेत, कारण घामातही मीठच असते.

पाणी सुधारल्यानंतर पहिले काही दिवस निचऱ्यातून पांढरे कण येताना दिसतात आणि लोकांना वाटते की नव्या पाण्यानेच काहीतरी बिघडले. तो जुना थर सुटत असतो. त्याला घाईने घालवण्यासाठी संडास साफ करायचे आम्ल यंत्रात ओतणारे भेटतात; त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते थरासोबत चेंबरचे स्टीलही खाते. थर जाड असेल तर निर्मात्याने सांगितलेले द्रावण, तसे सांगितलेले नसेल तर त्याच्या माणसाला विचारून सौम्य सायट्रिक आम्ल, आणि त्यानंतर उपकरणे न घालता दोन रिकाम्या फेऱ्या, एवढे पुरते. त्या फेऱ्यांनंतर टाकीतले पाणी पूर्ण काढून टाकावे, नवे भरावे, आणि वहीत पहिला आकडा लिहावा.